उसनं हसू, रोख विक्री

मुंबईत एका गणेशोत्सवात अमूल लोण्याचा फलक लागला होता: 'गणपती बाप्पा मोर घ्या'. 'मोरया' काढून त्या जागी इंग्रजी 'मोर' आणि मराठी 'घ्या' बसवलं, एवढीच कारागिरी. फलक उतरवला नाही तर गाठ आमच्याशी आहे, असा दम शिवसेनेकडून आला. ही हकीकत अमूलच्या जाहिराती करणाऱ्या दाकुन्हा मंडळींनीच पुढे सांगितली आहे. फलकावर देवाची टिंगल नव्हती. बाप्पाला आणखी वाढून घेण्याचा आग्रह होता, आणि आग्रह तर आपल्या पंगतीत रोजचाच. तरी बिनसलं. लहान पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना ती आरोळी पाठ होती, म्हणून कोटी क्षणात पोचली आणि त्याच कारणाने झोंबलीही.

पुढे दिलेलं पुस्तक या एका गोष्टीभोवती फिरतं. जाहिरातीत विडंबन कसं करावं, दुसऱ्याची कल्पना कितपत उचलावी, कुठे हात आखडता घ्यावा, याची ही टिपणं आखातात छोटे धंदे करणाऱ्या मराठी माणसांना समोर ठेवून लिहिलेली आहेत. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकाची तारीफ करावी असा रिवाज आहे. ती मी करणार आहेच, पण एकदोन ठिकाणी लेखकाशी भांडणारही आहे.

विडंबनाच्या जाहिरातीचं भांडवल लोकांच्या आठवणीत पडून असतं. फलकावर दिसतात चार शब्द, पण वाचणारा त्यांच्यामागे मनातले दुसरे चार शब्द लावून घेतो. त्या दुसऱ्या चार शब्दांना छपाईचा खर्च नाही, फलकाचं भाडं नाही. धंदेवाल्याला हे गणित आवडतं यात नवल नाही. अडचण एवढीच की ते शब्द कुणीतरी आधी घडवलेले असतात, कुणीतरी जिवापाड जपलेले असतात. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली, तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची, ही आपल्या घरांतली रीत. चांगलं विडंबन मूळ वस्तूला असंच काहीतरी जास्तीचं देऊन जातं. वाईट विडंबन साखरही नेतं आणि वाटीही.

आपल्याला ही कला कुणा परदेशी एजन्सीने शिकवलेली नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगं उचलली, त्यांचे ताल आणि बोलण्याच्या लकबी घेतल्या आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म सांगितलं. भारूड ऐकणाऱ्याला वासुदेव ओळखीचा होता, म्हणून न पेलणारा विचारही त्याच्या टोपीआडून घरात शिरला. गिऱ्हाइकाला ठाऊक असलेल्या रूपात न ठाऊक माल देणं, याला आज मार्केटिंगच्या वर्गात फी भरून शिकावं लागतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीची 'इंदरसभा' पाहिली, हे आपणही करू म्हणाले आणि १८८० साली 'संगीत शाकुंतल' उभं केलं. कथा कालिदासाची, प्रेरणा पारशी रंगभूमीची. चोरीचा आळ मात्र कुणी घेतला नाही, कारण जे रंगभूमीवर आलं ते मराठी माणसाने आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

विडंबनाचा खरा वस्ताद अर्थातच आचार्य अत्रे. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी लिहिलेली 'झेंडूची फुले' १९२५ साली पुस्तकरूपाने आली. रविकिरण मंडळाच्या कवींची हळवी तऱ्हा त्यांनी अशी धरली की वाचक आधी हसला आणि मग मूळ कवितेकडे वळून पाहू लागला. पण आज 'झेंडूची फुले' हाती घेणाऱ्या तरुणाला त्यातल्या निम्म्या कवितांचं मूळ सांगावं लागतं. टीप वाचून हसणं म्हणजे हसणं नव्हे. पुस्तकातलं विडंबन शंभर वर्षं टिपांच्या आधाराने उभं राहू शकतं, रस्त्यावरच्या जाहिरातीला तेवढा वेळ कुणी देत नाही. सिग्नल हिरवा झाला की संपलं.

अमूलच्या मुलीचं घराणंही उसनवारीचंच. मुंबईत लोण्याचा धंदा पोल्सनच्या हातात होता आणि पोल्सनच्या जाहिरातीत एक मुलगी असे. १९६६ साली अमूलचं काम सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांच्या एजन्सीकडे आलं. पोल्सनच्या मुलीला उत्तर म्हणून युस्टेस फर्नांडिस या चित्रकाराने ठिपक्यांच्या झग्यातली, निळ्या केसांची, गालफुगी पोरगी काढली. सुरुवातीच्या एका फलकावर ती गुडघे टेकून प्रार्थना करते आहे आणि एक डोळा लोण्याच्या पुड्याकडे आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर मागतात. तिने त्या मागणीला अमूल लोणी जोडलं. म्हणजे या सगळ्या मालिकेच्या पायाशीच एका प्रार्थनेचं विडंबन आहे आणि ते मुंबईने कौतुकाने पचवलं. मग बाप्पाच्या वेळी काय झालं? मला वाटतं, पहिल्या फलकावर एक लहान मूल देवाशी लबाडी करत होतं, आणि लहान मुलाची लबाडी सगळ्याच धर्मांत माफ असते. दुसऱ्या फलकावर मूल बाजूला पडलं आणि एक कंपनी लाखो लोकांच्या आरोळीत आपला माल घालताना दिसली. शब्दांचा खेळ तोच, बोलणारा बदलला. पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात हा मुद्दा ओझरता आला आहे. तो पानभर हवा होता.

ही मुलगी साठ वर्षं टिकली, याचं श्रेय रोजच्या मेहनतीला आहे. सिल्व्हेस्टर २०२३ मध्ये गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून राहुल दाकुन्हा, मजकूर लिहिणारे मनीष झवेरी आणि चित्र काढणारे जयंत राणे हे त्रिकूट हे काम करत आलं आहे. सिनेमा, क्रिकेट, निवडणूक, घोटाळा, जे त्या आठवड्यात लोकांच्या तोंडी आहे ते घ्यायचं, पुढच्या आठवड्यात टाकून द्यायचं. शिळं विडंबन ते वाढत नाहीत.

प्रतिस्पर्ध्याचीच जाहिरात उसनी घेण्याचा सगळ्यात देखणा प्रसंग मुंबईत २००७ मध्ये घडला. जेट एअरवेजने नवा पोशाख चढवला आणि 'आम्ही बदललो आहोत' अशा अर्थाचा मोठा इंग्रजी फलक लावला. किंगफिशरने त्याच्या डोक्यावर आपला फलक चढवला: त्यांना बदलायला आम्ही भाग पाडलं. त्याच्याही वर गोएअरने तिसरा लावला: आम्ही बदललेलो नाही, उडण्याचा शहाणा मार्ग अजूनही आमचाच. खालच्या फलकाचे पैसे जेटने भरले, विनोदाची पहिली ओळ जेटने पुरवली आणि हशा वरच्या दोघांनी नेला. वरचे दोन फलक एकटे वाचले तर त्यांना अर्थच नाही. आता या हशाची पुढची हकीकतही सांगायला हवी. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट २०१९ मध्ये आणि गोएअर, नाव बदलून गो फर्स्ट झाल्यावर, २०२३ मध्ये. फलक चांगला असला म्हणून धंदा चालतोच असं नाही, हे जाहिरातवाले त्यांच्या पुस्तकांत सहसा छापत नाहीत. या लेखकाने छापलं आहे, त्याबद्दल त्याला शाबासकी.

जुलै २०१० मधली शाम्पूची चकमक याच जातीची. प्रॉक्टर अँड गॅम्बलने पॅन्टीनसाठी कुतूहल वाढवणारे फलक लावले. ८० टक्के बायकांना आवडलेला एक गूढ शाम्पू येतोय, नाव नंतर कळेल. नाव कळायच्या आत हिंदुस्तान युनिलिव्हरने फलक लावून टाकले की गूढबिढ काही नाही, पहिल्या नंबरचा शाम्पू डव्ह आहे. इथे उचलली होती ती दुसऱ्याने लोकांच्या मनात निर्माण केलेली उत्सुकता. चित्र नाही, शब्दही फारसे नाहीत. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात अधिकृत पेय होण्यासाठी कोका-कोलाने पैसे मोजले आणि 'यात अधिकृत असं काही नाही' म्हणत पेप्सीने त्या अधिकृतपणाचीच टोपी उडवली, तीही हीच चाल. मला स्वतःला पेप्सीची चाल जास्त आवडते. तिने कुणाच्या मालाला नावं ठेवली नाहीत, फक्त मिरवणाऱ्याची मिरवणूक तेवढी हसण्यावारी नेली.

आता हूराकडे येतो, कारण मी राहतो इथे आणि पुस्तकाचा वाचकही बराचसा अशाच वस्त्यांत राहणार आहे. हूरा म्हणजे बहारीनमधल्या मनामाचा एक जुना, दाट वस्तीचा भाग, शेजारी गुदैबिया, मधून एक्झिबिशन रोड. १९९० मध्ये उघडलेलं बैत अल कुरआन हे संग्रहालय इथलंच. एका गल्लीत केरळी हॉटेल, सलून, शिंपी, फिलिपिनो बेकरी आणि करक चहाची खिडकी सापडते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांत अरबी, मलयाळी, उर्दू, बंगाली, टागालोग बोलणारे एकत्र असतात. मुंबईच्या फलकाला जी एक सामायिक आठवण आयती मिळते, ती इथे कुणाची?

इथल्या एका ओळखीच्या माणसाने, कोल्हापूरकडचा आहे, शुक्रवारी सकाळी मिसळ द्यायला सुरुवात केली आणि फलकासाठी डोकं लावायला आम्हा दोघातिघांना बसवलं. पहिली कल्पना अर्थातच पुणेरी पाटीची निघाली: 'मिसळ संपली की संपली. कारण विचारू नये.' आम्ही मराठी लोक खो खो हसलो. त्याच्या मलयाळी भागीदाराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, गिऱ्हाईक नको असेल तर दुकान कशाला उघडतोय? दुसरी कल्पना 'शोले'ची: दाढीवाला डाकू पावांचा हिशोब विचारतो आहे. शेजारचा बहारीनी म्हातारा खूश झाला. इथे हिंदी सिनेमा जुना पाहुणा आहे. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत या बेटावरचा व्यवहारसुद्धा रुपयांतच चालायचा, दहा रुपयांचा एक दिनार झाला. पण गल्ल्यावर बसणाऱ्या फिलिपिनो मुलीला तो दाढीवाला कोण ते कळेना. शिवाय सिनेमाचं चित्र वापरायचं तर निर्मात्याची परवानगी हवी, ती कोण आणणार?

तिसरी कल्पना त्या मुलीनेच दिली. प्रत्येक इमारतीच्या जिन्याशी लागलेली आगीची सूचना तिने बोटाने दाखवली. मग फलक झाला: 'रश्श्याने आग लागल्यास: १. घाबरू नका. २. शांतपणे ताकाकडे चला. ३. पाव सोबत घ्या. ४. लिफ्टची वाट पाहू नका, ती मिसळ खाऊन आलेल्यांनी भरलेली असेल.' अरबी, इंग्रजी, खाली मराठी. ही सूचना कुठल्याही देशातून आलेल्या माणसाने वाचलेली असते, ती कुणाची कविता नाही, कुणाचा देव नाही, कुणाचं पोट तिच्यावर नाही. एकाच गोष्टीची काळजी घेतली. खऱ्या सूचनेचा रंग बदलला आणि सरकारी चिन्ह लावलं नाही, नाहीतर खरी आग लागली त्या दिवशी लोक ताक शोधत बसायचे. एकनाथांनी वासुदेव उचलला तो याच हिशोबाने: ज्याला ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही असं रूप.

कायद्याचं प्रकरण लेखकाने पुस्तकाच्या शेवटी ढकललं आहे. मी ते आधी वाचा असं सांगेन. कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. 'हम हिंदुस्तानी' हे त्यांचं नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांचा विषय जुळत होता, पण न्यायालयाने ती नक्कल मानली नाही. मात्र तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. कुणी विश्वासाने तुमच्यासमोर ठेवलेली कल्पना उचलली तर गोष्ट वेगळी होते. झी टेलिफिल्म्स आणि सनडायल यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये मालिकेच्या संकल्पनेची टिपणी गोपनीय म्हणून जपली. बैठकीत दाखवलेला कागद बाजारातला माल नसतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात विडंबन हा शब्द नाही. टीका आणि समीक्षा यांना असलेल्या सवलतीतून वाट काढावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोप्पिल भासींच्या गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक त्या वाटेने जाऊ दिलं.

जाहिरातीची वाट याहून अरुंद आहे. उजालाच्या जाहिरातीवरून १९९९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने मर्यादा घालून दिली: माझा माल जगात सर्वोत्तम असं खुशाल सांगा, तुलनाही करा, पण समोरच्याचा माल वाईट आहे असं सांगता येणार नाही. पेप्सीला 'बच्चोंवाली' म्हणणारी थम्स अपची जाहिरात २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला खटकली, ती याच कारणाने. उलट टाटांच्या चिन्हाचा वापर करून ग्रीनपीसने कासवांचा खेळ काढला, तेव्हा २०११ मध्ये त्याच न्यायालयाने मनाई दिली नाही, कारण तिथे धामरा बंदर आणि तिथल्या कासवांविषयी सार्वजनिक टीका होती, विक्री नव्हती. अमेरिकेत जॅक डॅनियल्सच्या बाटलीसारखं कुत्र्याचं खेळणं विकणाऱ्याला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नक्कल हीच आपल्या मालाची ओळख म्हणून वापरली, तर नुसतं 'गंमत होती' म्हणून सुटका नाही. बहारीनचा कॉपीराइट कायदा २००६ चा आहे, २२ क्रमांकाचा. त्याच वर्षी अमेरिकेशी मुक्त व्यापार करार अमलात आला. परदेशी ब्रँडचं चिन्ह वाकवून फलक करण्याआधी इथल्या वकिलाला गाठा. भारतातले निकाल इथे चालतीलच असं धरून चालू नका.

लेखकाशी माझं भांडण सातव्या प्रकरणावर आहे. छोट्या दुकानदाराच्या मागे मोठी कंपनी लागत नाही, तेव्हा बिनधास्त उचला, असा तिथे सूर आहे. एक तर हे खरं नाही. दुसरं, कोर्टात खेचलं जाणं हीच एकमेव भीती धरली, तर माणूस आपल्यापेक्षा लहान असलेल्याचं बेधडक उचलायला लागतो. मोठ्याची टोपी उडवली तर लोक हसतात. शेजारच्या गाडीवाल्याच्या पाटीची नक्कल केली तर तोच हशा ओंगळ होतो. आखातात आणखी एक सवय बोकाळली आहे: बंगाली किंवा मलयाळी कामगाराच्या हिंदीची नक्कल करून रील काढायची आणि खाली दुकानाचा पत्ता टाकायचा. ही नक्कल सगळ्यांना ओळखू येते हे खरं, पण ती ज्याच्या जिवावर चालते तोच माणूस त्या दुकानासमोर पाण्याचे कॅन उतरवत असतो. मी तिला विडंबन म्हणणार नाही.

मार्च २०२५ मध्ये जिब्ली स्टुडिओच्या धाटणीची चित्रं यंत्राकडून काढून घेण्याची लाट आली, तेव्हा दुकानांनीही आपले फोटो तसे करून टाकले. लेखक याला उसनवारीचा नवा अवतार म्हणतो. उसनवारी आहे, मान्य. विडंबन नाही. जिब्लीविषयी त्या चित्रांना काही म्हणायचं नव्हतं, त्या स्टुडिओचे दिग्दर्शक मियाझाकी यांच्या कामाला चिमटाही नव्हता आणि सलामही नव्हता. सगळ्यांनी एकच वाटी एकाच दिवशी उचलली, त्यामुळे आठवड्याभरात कुणाचा फोटो कुणाचा ते ओळखूही येईना. भारताच्या जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आस्कीची, आचारसंहिता सांगते की दुसऱ्याच्या आधीच्या जाहिरातीची मांडणी, मजकूर, घोषवाक्य, संगीत यांच्याशी उचलेगिरी वाटावी इतकं साम्य नसावं. नियम जुना आहे, पण यंत्राकडे फर्माईश टाकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा.

एवढं भांडूनही हे पुस्तक मी आग्रहाने पुढे करतो, कारण मराठीत या विषयावर काम करणाऱ्या माणसाने, हातात कात्री आणि समोर गिऱ्हाईक असताना लिहिलेलं फार थोडं आहे. वाचकांना एकच विनंती. पुढचा फलक छापायला टाकण्याआधी, ज्याची नक्कल करताय त्या मूळ गोष्टीचं आणि तिच्या मालकाचं नाव कागदावर लिहून काढा. मग तो फलक तीन वेगवेगळ्या भाषांच्या गिऱ्हाइकांना दाखवा आणि मूळ गोष्ट कोणती ते त्यांना ओळखायला सांगा. तिघांपैकी दोघांना ओळखता आली नाही, किंवा मालकाचं नाव लिहिताना तुमचाच हात अडखळला, तर छपाईचे पैसे वाचवा.